साडेपाचला सोडतो म्हणाले, सोडायचे साडेसातला: रात्र महाविद्यालयाची हजेरी कशी सावरली

मी दिवसा दुकानात कामाला. शेठ उशिरा सोडायचे, म्हणून कॉलेजातला सव्वासहाचा तास रोज बुडायचा. ७५ टक्के हजेरी लागते, माझी ५२. शेठकडे तोंडी विनवण्या झाल्या, मित्राकरवी हजेरी लावताना पकडलाही गेलो. जाम वैतागलो होतो.

जमलं ते असं. आधी पंधरा दिवस आल्या-गेल्याची वेळ वहीत टिपली. मग कॉलेजातून शिक्का मारलेलं वेळापत्रक आणि बोनाफाईड आणलं. पगाराच्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, सगळं शेठपुढे ठेवलं. मला अडकवायची ती संध्याकाळची माल-मोजणी. ती रविवारी सकाळी करून देतो म्हटलं. (महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने कायद्यातल्या जादा वेळेच्या दुप्पट मजुरीचा विषय काढला नाही. दुकानात आम्ही चौघंच, तो कायदा मोठ्या दुकानांसाठी.) बाहेर पडताच व्हॉट्सॲप केला: ‘ठरल्याप्रमाणे सोम ते शुक्र ५:३०ला निघतो.’ उत्तरात नुसता अंगठा आला. त्याचा स्क्रीनशॉट ठेवलाय.