माकड मेले, पहिला फोन कोणाला? माकडतापासाठी तालुक्यातली तीन खात्यांची जुळणी

माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य ताप, माणसाला गाठतो तो काजूच्या दिवसांत, पण आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या तीन खात्यांची बैठक ऑक्टोबरातच व्हायला हवी. पावसाळ्यानंतर गोचिडीची पिल्ले निघतात. डिसेंबर ते मे या काळात मोहरीएवढी, अर्धवट वाढलेली गोचीड पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, दबा धरून असते आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. २०१५ साली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाली भागात साथ आली तीही याच हंगामात. फेब्रुवारीत बैठक घेणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

बैठक उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदारांनी बोलवावी. एका खात्याने दुसऱ्याला बोलावले की कनिष्ठ कारकून येतो आणि चहा पिऊन जातो. प्रत्येक खात्याचा एक अधिकारी आणि तो रजेवर असल्यास बदली माणूस, दोघांचे मोबाइल क्रमांक इतिवृत्तात हवेत. गाडी कोणाची, बर्फाची पेटी कोणाची आणि मॅलाथिऑन या गोचीड मारणाऱ्या भुकटीचे बिल कोणत्या खात्याच्या तरतुदीतून, हेही तिथेच ठरवा. बिलाचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण भुकटी वेळेवर न येण्यामागे बहुतेक वेळा तोच असतो.

आता मेलेले माकड. लाल तोंडाचे माकड असो की काळतोंडे वानर, दोघांनाही हा रोग मारतो आणि माणसांतले रुग्ण बहुधा त्यानंतर दिसू लागतात. बागायतदाराला एकच क्रमांक माहीत असावा, तो वन खात्याचा. पुढचे दोन फोन वनरक्षकाने करायचे: पशुवैद्यकाला आणि आरोग्य केंद्राला. मृतदेहाला कोणी हात लावू नये, कारण अंग थंड पडले की त्यावरच्या गोचिडी नवे अंग शोधत आसपास पसरतात. गावकरी दुर्गंधीच्या भीतीने तो लगेच पुरून टाकतात आणि तपासणीची संधी जाते. म्हणून पंचायतीच्या फलकावर ‘पुरू नका, कळवा’ एवढे तीनच शब्द लावा.

जागेवरचा क्रम चुकवू नका. आधी पशुवैद्यकाने हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर संरक्षक पोशाख घालून शवविच्छेदन करावे. मेंदू, यकृत, मूत्रपिंड आणि प्लीहा यांचे तुकडे विषाणू वाहतूक द्रावणात ठेवावेत. मग पांढरे फडके जमिनीवरून ओढून गोचिडी गोळा कराव्यात. पांढऱ्यावर त्या चटकन दिसतात. हे झाल्यावरच ५० फुटांच्या त्रिज्येत ५ टक्के मॅलाथिऑनची भुकटी टाकावी. भुकटी आधी पडली तर गोचिडी मरतात आणि नमुना हातचा जातो. भुकटी झर आणि ओहोळापासून लांब ठेवा, ती मासे मारते. काजूच्या मोहोरावरही उडू देऊ नका, मधमाश्या तिथे असतात. पातेरा पेटवून देण्याचा सल्ला कोणी दिला तर वन खात्याने तिथेच थांबवावे. मार्चमधला डोंगर एका ठिणगीने पेटतो.

नमुने तिहेरी वेष्टनात, २ ते ८ अंशांत. शुक्रवारी संध्याकाळी रवाना करायचे असतील तर प्रयोगशाळेत घ्यायला माणूस आहे का, ते आधी विचारा. सोमवारपर्यंत बर्फाचे पाणी होते.

गुरे या रोगाने फारशी आजारी पडत नाहीत, म्हणून पशुसंवर्धन खाते बाजूला राहते. ही मोठी चूक. वाढ झालेली गोचीड गुरांवरच पोसते आणि फुगलेली एक मादी हजारो अंडी घालते. जंगलात चरणाऱ्या गुरांना हंगामाआधी गोचीडनाशक द्या. दुभत्या गायीला आयव्हरमेक्टिन टोचू नका, ते दुधात उतरते. अंगावर ओतायचे कोणते औषध चालेल ते पशुवैद्यकाला विचारा.

आरोग्य केंद्राचे काम माकडाचा फोन आल्या दिवशीच सुरू होते. गोचीड चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते, डोळे लाल होतात, कधी हिरड्यांतून रक्त येते. आरोग्य सेविकांनी आसपासच्या वाड्यांत दोन आठवडे रोज तापाची चौकशी करावी. पहिल्या आठवड्यातल्या रक्तावर आरटी-पीसीआर, नंतर आयजीएम एलायझा ही प्रतिपिंडांची चाचणी. रुग्णाला अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, रक्तस्रावाचा धोका असतो. जुनी लस आता वापरात नाही, त्यामुळे गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचे डीएमपी किंवा डेपा तेल, लांब बाह्या, पायमोज्यांत खोवलेली पँट आणि घरी येताच गरम पाण्याने आंघोळ, एवढाच आधार.

नोंदवही तिघांची मिळून एकच असावी. फोनची वेळ, माकडाची जात, शव ताजे की कुजलेले, नमुना घेतला का, भुकटी कधी पडली, ताप शोध कधी सुरू झाला. जागेचे नाव नुसते लिहू नका, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहा. एकाच डोंगराला वन खाते एक नाव देते, पंचायत दुसरे आणि काजू वेचणाऱ्या बाया तिसरे. शेवटचा रकाना निकालाचा: तो ज्याने पहिला फोन केला त्याला कळवला का, हो की नाही. एकदा निकाल न कळलेला बागायतदार पुढच्या वेळी फोन करत नाही.