बांधकामाच्या काळात डिस्ने वर्ल्डची सहल कशी आखावी

अमेरिकेतील फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या चार उद्यानांपैकी मॅजिक किंगडम हे १९७१ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून तिथे वाहणारी कृत्रिम नदी, तिच्यातून फिरणारी खऱ्याखुऱ्या वाफेवर चालणारी बोट आणि १९७३ मध्ये उघडलेले टॉम सॉयरचे बेट हे सारे ६ जुलै २०२५ च्या दिवसानंतर कायमचे बंद झाले, आणि नदीचे पात्र बुजवून तिथे ‘कार्स’ चित्रपटातल्या बोलक्या मोटारींचा नवा विभाग उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. शेजारची बिग थंडर माउंटन ही खाणीतल्या आगगाडीची राइड जानेवारी २०२५ पासून वर्षभराहून अधिक काळासाठी दुरुस्तीला काढण्यात आली. ॲनिमल किंगडममध्ये डायनोलँडचा काही भाग जानेवारी २०२५ मध्ये आणि तिथली डायनासोर ही मुख्य राइड फेब्रुवारी २०२६ च्या आरंभी बंद झाली; त्या जागी लॅटिन अमेरिकेच्या उष्ण प्रदेशावर बेतलेला विभाग २०२७ मध्ये उघडण्याचे जाहीर झाले आहे. हॉलीवूड स्टुडिओजमधील मपेट बाहुल्यांचा त्रिमितीय खेळ ७ जून २०२५ रोजी शेवटचा झाला. चारांपैकी तीन उद्यानांत एकाच वेळी एवढे मोठे काम चालू असताना तिथे जाणाऱ्या कुटुंबाने तयारी कशी करावी, याचा विचार इथे केला आहे. माहिती २०२६ च्या सुरुवातीपर्यंतची आहे.

बंद झालेल्या ठिकाणांची ही यादी बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते सारे नियोजन तिच्याभोवतीच करावे लागते. बोट, बेट आणि मपेटचे थिएटर ही काही पोटात गोळा आणणारी आकर्षणे नव्हती. ती उंचीची अट नसलेली, फारशी रांग नसलेली, आजी-आजोबांनी आणि तान्ह्या मुलांनी एकत्र बसून पाहण्याची किंवा नुसते टेकण्याची ठिकाणे होती. त्यामुळे बांधकामाचा फटका रोलर कोस्टरच्या मागे लागलेल्या तरुणांपेक्षा पुण्या-नाशिकहून अमेरिकेतल्या मुलाकडे आलेल्या सत्तरीच्या आई-वडिलांना अधिक बसतो. शिवाय एका फेरीत काही शे माणसे घेऊन जाणारी बोट थांबली म्हणजे ती माणसे घरी जात नाहीत. ती रस्त्यावर, दुकानांत आणि उरलेल्या राइडच्या रांगांत येऊन उभी राहतात. म्हणून बंद आकर्षणांची यादी वाचताना ‘आपण त्यात बसणार होतो का’ एवढाच प्रश्न न विचारता ‘तिथली गर्दी आता कुठे जाईल आणि आपण बसणार कुठे’ हेही विचारावे.

पहिला निर्णय मुळात जावे की थांबावे हा आहे. भारतातून आई-वडील एकदाच येणार असतील, व्हिसा आणि विमानाचा खर्च झालेला असेल, तर बांधकामासाठी सहल पुढे ढकलू नये. ही कामे काही वर्षे चालणार आहेत आणि एक संपले की दुसरे निघते, हा अशा उद्यानांचा स्वभावच आहे. याउलट आपण अमेरिकेतच राहत असू, मुले तीन वर्षांच्या आतली असतील आणि पुढच्या कोणत्याही सुट्टीत जाता येण्यासारखे असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. तिकिटाच्या दरात बांधकामाची कसलीही सवलत मिळत नाही, आणि मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट नाताळच्या आठवड्यात माणशी दोनशे डॉलरच्या घरात जाते, हे हिशेबात धरावे.

महिना निवडताना एक विरोधाभास ध्यानात ठेवावा लागतो. नववर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला भाग हा तुलनेने मोकळा आणि हवेला सुखद काळ असतो. पण नेमक्या याच कारणाने छोट्या दुरुस्त्याही त्याच काळात काढल्या जातात, आणि पाण्याच्या राइड थंडीत बहुधा बंद ठेवल्या जातात. ऑगस्टमध्ये फ्लोरिडातील शाळा सुरू झाल्या की रांगा कमी होतात, परंतु उकाडा आणि दुपारचा विजांचा पाऊस तेव्हा भरात असतो. आपल्याकडचे पाहुणे बहुधा मे ते ऑक्टोबर या काळात येतात. त्यांच्यासाठी मला सप्टेंबर बरा वाटतो, मात्र दुपारी खोलीवर परतून विश्रांती घेण्याची तयारी असली तरच.

तारखा ठरल्यावर बंद आकर्षणांची चौकशी एकदा करून भागत नाही. डिस्नेच्या अधिकृत संकेतस्थळावर नियोजित दुरुस्त्यांची माहिती असते. ती तिकीट काढण्यापूर्वी, मग महिनाभर आधी आणि शेवटी निघण्याच्या आदल्या आठवड्यात पाहावी. वाचताना बंदचे प्रकार वेगळे ओळखावेत. कायमची बंद झालेली राइड यादीतून सरळ खोडून टाकावी. दुरुस्तीसाठी बंद असलेली राइड पुन्हा सुरू होण्याचा केवळ मोसम किंवा वर्ष जाहीर झाले असेल, नेमकी तारीख नसेल, तर ती बंदच आहे असे धरून चालावे. तांत्रिक बिघाडाने किंवा विजांमुळे तासाभरासाठी थांबलेली राइड हा तिसराच प्रकार आहे आणि तो घरबसल्या कळत नाही; त्यासाठी त्या दिवशी मोबाइलवरील अधिकृत ॲप उघडून पाहावे लागते. याची दुसरी बाजूही आहे. ॲनिमल किंगडममधील महाकाय झाडाच्या बुंध्यातले थिएटर मार्च २०२५ मध्ये बंद झाले होते, पण ७ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे नवा खेळ सुरू झाला, आणि एपकॉट या चौथ्या उद्यानातील टेस्ट ट्रॅक ही मोटारीची राइड वर्षभराच्या कामानंतर २२ जुलै २०२५ रोजी उघडली. जुनी यादी घेऊन जाणारा माणूस बंद दारांपुढे जसा जातो, तसाच उघड्या दारांपुढूनही नकळत निघून जातो.

किती दिवस कुठे घालवायचे हे यानंतर ठरवावे. पूर्वी मी कोणालाही चार उद्यानांना चार दिवस द्या असे सांगितले असते. आता ॲनिमल किंगडमसाठी पूर्ण दिवसाचे वेगळे तिकीट घेणे मला महाग वाटते. सफारी, लायन किंगचा नाट्यप्रयोग आणि ‘अवतार’ चित्रपटातल्या पँडोराचा विभाग दुपारपर्यंत आटोपतो, आणि ते उद्यान संध्याकाळी इतरांपेक्षा लवकर मिटते. एकाच दिवशी एकाहून अधिक उद्यानांत जाऊ देणारे ‘पार्क हॉपर’ तिकीट बांधकामाच्या काळात म्हणूनच उपयोगी पडते. ९ जानेवारी २०२४ पासून त्यावरची दुपारपर्यंत थांबण्याची अट निघाली आहे, त्यामुळे सकाळी सफारी आणि संध्याकाळी एपकॉट अशी जोडी सहज जमते. एपकॉटमध्ये कित्येक वर्षे बांधकामाची कुंपणे होती. ते मधले मोठे काम डिसेंबर २०२३ मध्ये संपले आणि आज चारांपैकी सर्वांत मोकळे, सलग चालता येण्यासारखे उद्यान तेच आहे. वेळ कमी असेल तर तिथला दिवस कापू नये.

पैसे देऊन छोट्या रांगेतून जाण्याची ‘लाइटनिंग लेन’ घ्यावी का, हे उद्यानावर अवलंबून आहे. राइड कमी झालेल्या उद्यानात उरलेल्या दोन-चार लोकप्रिय राइडवर सारा भार पडतो, म्हणून मॅजिक किंगडम आणि हॉलीवूड स्टुडिओजमध्ये ती घेणे परवडते. ॲनिमल किंगडममध्ये सकाळी लवकर पोहोचणाऱ्याला तिची फारशी गरज भासत नाही. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरलेल्यांना ही नोंदणी ७ दिवस आधी करता येते आणि बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी, त्यामुळे बाहेर राहणाऱ्यांनी तो दिवस आणि ती वेळ लिहूनच ठेवावी. नोंदणी केलेली राइड आपल्या वेळेला बिघडली तर बहुधा दुसऱ्या राइडवर वापरता येणारा पास आपोआप मिळतो. तो ॲपमध्ये पाहावा, खिडकीशी जाऊन वाद घालण्याची गरज नसते.

प्रत्यक्ष दिवशी उद्यान उघडण्याच्या पाऊण तास आधी प्रवेशद्वारापाशी असावे. हा सल्ला एरवीही दिला जातो, पण बांधकामाच्या काळात त्याला वेगळे वजन येते, कारण पहिल्या दीड तासात ज्या दोन-तीन राइड विनासायास होतात त्यांच्यासाठी दुपारी प्रत्येकी तासभर उभे राहावे लागू शकते. डिस्नेच्या हॉटेलांतील पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, एवढेही ध्यानात असू द्यावे.

आई-वडिलांसाठी मात्र आधीच बसण्याच्या जागांची साखळी आखून ठेवावी. मॅजिक किंगडममध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पुतळ्यांचे सभागृह, २०२४ मध्ये नव्या गाण्यांसह सुरू झालेला अस्वलांचा संगीत-खेळ आणि मिकीचा त्रिमितीय वाद्यवृंद ही तिन्ही थंड, अंधारी आणि खुर्च्या असलेली ठिकाणे आहेत. टुमॉरोलँड या विभागातली उंचावरून संथपणे फिरवून आणणारी पीपलमूव्हर ही गाडी मला बोटीला सर्वांत जवळची वाटते: रांग सहसा छोटी, वारा भरपूर आणि दहा मिनिटांत सारा टुमॉरोलँड नजरेखालून जातो, फक्त तिचा फलाट फिरता असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी चढताना हात धरावा. हॉलीवूड स्टुडिओजमध्ये मे २०२५ मध्ये दोन नवे रंगमंचीय खेळ सुरू झाले, एक छोट्या जलपरीचा आणि दुसरा खलनायकांचा, आणि मपेटच्या थिएटरची उणीव ते बऱ्यापैकी भरून काढतात. एपकॉटमध्ये शेतीवरची बोटीची फेरी आहे. काचगृहात मातीविना वाढवलेली रोपे पाहताना गावाकडे वाडी असलेले आजोबा मुलांपेक्षा अधिक रमतात, हा अनेक मराठी घरांचा अनुभव आहे. व्हीलचेअर प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळते आणि ती घेण्यात संकोच बाळगू नये, कारण कुंपणांमुळे काही ठिकाणी वळसा पडतो आणि दिवसाची चाल एरवीपेक्षा वाढते.

ही कुंपणे उंच आणि नीटनेटकी रंगवलेली असतात, धूळ फारशी अंगावर येत नाही. खरा त्रास अरुंद झालेल्या वाटांचा आहे. मॅजिक किंगडममध्ये पूर्वी नदीकाठी ऐसपैस पसरणारी गर्दी आता फ्रंटियरलँड आणि लिबर्टी स्क्वेअर या विभागांच्या मधल्या रस्त्यावर एकवटते, आणि रात्रीच्या दिव्यांच्या मिरवणुकीच्या वेळी बाबागाडी घेऊन तिथून पलीकडे जाणे जवळपास अशक्य होते. मिरवणुकीच्या अर्धा तास आधी आपण कोणत्या बाजूला असायला हवे ते ठरवून टाकावे. छायाचित्रांसाठी सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोरची जागा ठीक आहेच, पण किल्ल्याला मूळच्या छटांकडे नेणारा नवा रंग देण्याचेही जाहीर झालेले असल्याने तिथे परांची दिसली तर नवल मानू नये.

मुलांना घरीच सांगावे. एखाद्या मुलाने चित्रफितीत पाहिलेली राइड बंद आहे हे त्याला दारात कळले तर उरलेला दिवस हातचा जातो. हेच दोन आठवडे आधी सांगितले तर ते त्याच्या जागी दुसरी निवडते. निवडीआधी मुलाची उंची बूट घालून मोजून घ्यावी: सात बुटक्यांच्या खाणीतल्या गाडीसाठी ९७ सेंटीमीटर, टियानाच्या पाण्याच्या राइडसाठी १०२, स्पेस माउंटन या रोलर कोस्टरसाठी ११२ आणि ट्रॉन या रोलर कोस्टरसाठी १२२ सेंटीमीटर लागतात. लहान मूल बसू शकत नसेल तर एका पालकाने बाहेर थांबावे आणि नंतर पुन्हा रांग न लावता आळीपाळीने बसावे अशी सोय आहे. रांगेत शिरण्यापूर्वीच दारावरच्या कर्मचाऱ्याला तसे सांगावे लागते.

जून ते सप्टेंबरमध्ये दुपारी विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या साऱ्या राइड थांबतात आणि सगळी माणसे छताखाली धावतात. छताखालच्या जागा आधीच कमी झालेल्या असल्याने पहिला गडगडाट ऐकताच खेळाच्या थिएटरात शिरावे, पहिला थेंब पडण्याची वाट पाहू नये. जेवणाचेही असेच आहे: काच आणि मद्य सोडून घरचे खाणे आत नेऊ देतात, त्यामुळे दशम्या, चटणी, चिवडा पिशवीत असला तर बाराच्या गर्दीत उपाहारगृहाच्या टेबलासाठी ताटकळावे लागत नाही, आणि झटपट सेवेच्या खिडक्यांवर बर्फाचे पाणी विनामूल्य मिळते.

उद्यान मिटण्याच्या वेळेपूर्वी रांगेत शिरलेल्यांना राइडमध्ये सहसा बसू देतात, म्हणून दिवसभर टाळलेली लांब रांग शेवटच्या पंधरा मिनिटांत धरावी. तोवर आई-वडिलांना मॅजिक किंगडमच्या प्रवेशद्वारापासून निघणाऱ्या मेन स्ट्रीटवर बाकावर बसवून ठेवता येते. परतताना मॅजिक किंगडमच्या वाहनतळाकडे जाण्यासाठी मोनोरेल आणि बोट असे दोन मार्ग आहेत आणि बहुतेक लोक सवयीने मोनोरेलकडे वळतात. आपण बोटीकडे जावे. तिला वेगळे तिकीट नाही, उंचीची अट नाही, आणि तळ्याच्या मध्यावर आले की उजळलेला किल्ला मागे सरकताना दिसतो. नदीवरची बोट हुकलेल्या आजींना एवढी फेरी तरी नक्की घडवता येते.