पांगलेल्या मित्रांनी माइनक्राफ्टमध्ये वाडा कसा बांधावा

पुणे, नाशिक, लंडन अशी मंडळी पांगली की ग्रुपवर सुप्रभात तेवढं उरतं. एकत्र करायला काम असलं की गप्पा आपोआप रंगतात. माइनक्राफ्ट या ठोकळे रचून बांधकाम करायच्या व्हिडिओ गेममध्ये मिळून वाडा बांधणं हे तसं झकास काम आहे.

१. आवृत्ती ठरवा. 'जावा' कॉम्प्युटरवरच चालते, 'बेडरॉक' मोबाइलवरही. दोन्हीकडचे खेळाडू साधारणपणे एका जगात येऊ शकत नाहीत. एक जण जरी मोबाइलवाला असला, तरी सगळ्यांनी बेडरॉकच घ्या.

२. नवं जग 'क्रिएटिव्ह' मोडमध्ये, सपाट जमिनीवर सुरू करा. इथे ठोकळे संपत नाहीत आणि उडताही येतं. आग पसरणं आणि टीएनटीचे स्फोट सेटिंगमध्ये आधीच बंद करा. कुणीतरी गंमत म्हणून माडीवर लाव्हा ओततोच!

३. आता आखणी, घाई इथे करू नका. एक ठोकळा म्हणजे 1 मीटर. दहा फुटी खोली खऱ्या मापाने केली तर जेमतेम तीन ठोकळ्यांची होते, वळायलाही जागा राहत नाही. माप सरळ दुप्पट धरा. सुरुवात चौकापासून करा आणि तो 9 बाय 9 असा विषम ठेवा, म्हणजे वृंदावन बरोबर मध्यावर येतं. सम आकड्यात ते कायम एका बाजूला सरकलेलं दिसतं. जोत्याला डीपस्लेट हा खेळातला गडद दगडी ठोकळा काळ्या पाषाणासारखा शोभतो. कौलांसाठी विटांच्या पायऱ्यांचे ठोकळे लावा, प्रत्येक ओळ एक ठोकळा वर, एक आत. खेळात तुळस मिळत नाही. कुंडीत नेचा लावून भागवा.

४. कामं वाटून घ्या: एकाकडे दिंडी दरवाजा, एकाकडे माडी. दुसऱ्याची भिंत न विचारता पाडायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. सुचलेलं पाटीवर लिहून ठेवा. नवख्याला आधी 'पाहुणा' हीच परवानगी द्या. त्याला फिरता येतं, तोडफोड करता येत नाही.

५. वेळ ठरवा. पुण्यात संध्याकाळी सहा म्हणजे हिवाळ्यात लंडनला दुपारचे साडेबारा. जग ज्याच्या मोबाइलवर आहे तो बाहेर पडला की सगळेच बाहेर. हे टाळायचं तर महिन्याचं शुल्क भरून 'रेल्म्स' घ्या, म्हणजे जग कुणाच्या मोबाइलवर नाही, ऑनलाइन राहतं. नाहीतर यजमानाने दर बैठकीनंतर जगाची प्रत काढून ठेवावी. मोबाइल बिघडला तरी वाडा शाबूत राहावा म्हणून ती मोबाइलबाहेरच साठवा.