कड्यांची बायझंटाईन साखळी विणताय? या चुका टाळा

बायझंटाईन म्हणजे धातूच्या छोट्या कड्या जोडीजोडीने एकमेकींत ओवून केलेली दागिन्याची वीण. व्हिडिओ तीनदा पाहिला, पक्कड नीट धरली, तरी साखळी काठीसारखी ताठ झाली. नाहीतर अशी ढिली की विणीचा आकारच दिसेना. अशा वेळी आपण स्वतःच्या हाताला नावं ठेवतो. हात बिचारा निर्दोष असतो. चूक कड्या विकत घेताना झालेली असते.

कडीच्या आतल्या व्यासाला तारेच्या जाडीने भागा. बायझंटाईन विणीसाठी उत्तर साडेतीनच्या आसपास यायला हवं, म्हणजे १ मिमी तारेला ३.५ मिमीची कडी. हे गणित गेजपाशी, म्हणजे तारेच्या जाडीच्या क्रमांकापाशी, फसतं. गेजची मापं दोन आहेत, ब्रिटिश आणि अमेरिकन. १८ गेज तार ब्रिटिश मापात १.२२ मिमी, तर अमेरिकन मापात १.०२ मिमी. ४ मिमीच्या कडीला एकीकडे उत्तर येतं ३.३, दुसरीकडे ३.९. पहिली साखळी आखडते, दुसरी लोळते, आणि पाकिटावर दोन्हीकडे लिहिलेलं असतं ‘१८ गेज’! तांब्याच्या कड्यांचं एक अख्खं पाकीट मी याच गोंधळात वाया घालवलं. तेव्हापासून दुकानात मी फक्त मिलिमीटर विचारते, आणि व्यास आतला की बाहेरचा, हेही. १ मिमी तारेत तेवढ्यानेच २ मिमीचा फरक पडतो.

घरी सळईवर तार गुंडाळून कड्या करत असाल तर गुंडाळी सोडल्यावर तार थोडी उलगडते आणि कडी सळईपेक्षा मोठी होते. तार जितकी कडक तितकी जास्त. आधी पाच-सहा कड्या कापून व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या मोजपट्टीने) मोजा, मगच पुढची तार गुंडाळा.

आता उघडझाप. कडीची टोकं डावी-उजवीकडे फाकवू नका. ती अंड्यासारखी होते आणि पुन्हा कधीच गोल होत नाही. दोन पकडी घ्या, दातेरी नको, गुळगुळीत जबड्याच्या. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं पिरगळा. बंद करताना टोकं किंचित आत दाबत एकमेकांच्या थोडी पुढे न्या आणि मागे आणा, म्हणजे तार परत उसळून फट राहत नाही. जोडावरून नख फिरवा. नख अडलं तर उद्या शिफॉनचा पदरही अडणार.

विणीत सगळ्यात जास्त गोंधळ दुमडीपाशी होतो. दोन-दोन कड्यांच्या तीन जोड्या ओवल्या की शेवटची जोडी मागे दुमडायची, एक कडी या बाजूला, एक त्या बाजूला. मग मधली जोडी फाकवायची आणि तिच्यामधून डोकावणाऱ्या दुमडलेल्या कड्यांतून नवी जोडी घालायची. नवी कडी मधल्या जोडीत गेली तर गाठ बसत नाही, दोन-तीन घरांनंतर सगळं सुटं दिसू लागतं. सुरुवातीच्या जोडीत तारेचा तुकडा अडकवून ठेवा. टोक कुठलं हे विसरलात तर मागे उसवण्याशिवाय गत्यंतर नाही. एका बैठकीत फार विणू नका. थकलेल्या डोळ्यांना उलटी दुमड दिसत नाही.

हार जड असेल तर मऊ तांब्याच्या कड्या वजनाने हळूहळू उघडतात. लढाईच्या चिलखतात कड्यांना रिवेट मारत ते उगाच नाही. दागिन्याला एवढं नको, पण तार थोडी कडक घ्या, किंवा निदान फाशाजवळच्या, म्हणजे हार अडकवायच्या आकड्याजवळच्या, कड्यांच्या जोडाला झाळ द्या.

रंगीत ॲल्युमिनिअमवर पकडीचा ओरखडा उठला की खालची चांदीसारखी धातू दिसते. रंग फक्त वरच्या पातळ थरात असतो, पुसून-घासून परत येत नाही. जबड्यांना आधीच चिकटपट्टी गुंडाळा. तांब्याने मनगट हिरवं झालं तर घाबरू नका, घामाशी झालेली प्रक्रिया आहे, साबणाने जाते. खाज सुटून पुरळ आलं तर मात्र मुलाम्यात निकेल असण्याची शक्यता आहे. ती साखळी काढून ठेवा आणि पुढची चांदीत विणा.