स्कायरिममध्ये कस्टम आर्मर फाटल्यासारखं दिसत होतं, शेवटी असं सुटलं

गेम स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात स्वतः बनवलेलं आर्मर (चिलखत). वेट स्लायडर (पात्राचं शरीर बारीक-जाड करणारी पट्टी) ० किंवा १०० वर एकदम नीट, पण मधे आणलं की डाव्या खांद्याची प्लेट सुईसारखी आकाशात ताणली जायची.

नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर बसून चार रात्री हेच करून राहिलो होतो भाऊ, डोकं पार फिरलं. टेक्स्चर (वर चढवलेलं चित्र) बदललं, लोड ऑर्डर (मोड लोड व्हायचा क्रम) बदलली, मोड (गेममध्ये वरून टाकलेला बदल, म्हणजे हे आर्मर) परत टाकला, काहीच नाही. टेक्स्चर नसतं तर जांभळं दिसलं असतं, ते मला आधीच कळायला हवं होतं.

मग निफस्कोपमध्ये (गेमच्या ३डी आकाराच्या निफ फाइल्स बघायचं टूल) आर्मरच्या _०.निफ (वेट ० ची) आणि _१.निफ (वेट १०० ची) शेजारी उघडून पाहिलं तर त्याच प्लेटचे व्हर्टेक्स (आकाराचे बिंदू) एकात ४३१२ अन् दुसऱ्यात ४३१८! स्लायडर मधे असला की गेम या दोन फाइल्सच्या मधलाच आकार काढतो, म्हणून व्हर्टेक्सची संख्या आणि क्रम दोन्ही सारखे लागतात.

आता काय केलं ते. दोन्ही जुन्या फाइल्सचा बॅकअप काढून त्या फोल्डरमधून हलवल्या. आउटफिट स्टुडिओत (बॉडीस्लाइड या टूलसोबत येणारा एडिटर) सीबीबीई बॉडी (स्त्री पात्राच्या शरीराचा एक मोड) रेफरन्स म्हणून लोड केली, मग आर्मरची फक्त _१ वाली फाइल इम्पोर्ट केली, _० ला हात नाही लावला. स्लायडर मेन्यूतून कन्फॉर्म ऑल केलं, म्हणजे बॉडीचे स्लायडर आर्मरलाही लागू झाले. सेव्ह प्रोजेक्ट ॲज करताना लो-हाय वेटचा टिक लावला, आउटपुट पाथ मोडचाच दिला, फाइलनेममध्ये _१ लिहायचं नाही हे नक्की बघा. मग बॉडीस्लाइडमध्ये तोच आउटफिट निवडून बिल्ड, दोन्ही फाइल्स एकाच मेशमधून (३डी आकारातून) निघाल्या. गेममध्ये कन्सोलवर शोरेसमेन्यू (पात्राचं रूप बदलायचा मेन्यू उघडणारी कमांड) टाकून स्लायडर हळूहळू सरकवला, खांदा जागच्या जागी.