कॉलेजातलं वाचन केंद्र चालवताना या चुका टाळा

पहिल्या वर्षाचा मुलगा अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन येतो आणि बोट ठेवून म्हणतो, "सर, एवढा पॅराग्राफ सांगा ना." केंद्रात बसलेला शिकवणारा तो वाचतो, मराठीत फोड करून सांगतो, मुलगा वहीत उतरवून घेतो. दोघंही समाधानाने उठतात. वाचन केंद्रात होणारी सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळेच खूश असल्यामुळे ती महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. त्या पंधरा मिनिटांत वाचलं कोणी? शिकवणाऱ्याने. मुलाने फक्त ऐकलं.

तालुक्याच्या कॉलेजात बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं एकदम इंग्रजी पुस्तकांसमोर येऊन पडतात. त्यांची दया येते, म्हणून आपण सांगत सुटतो. आमच्या केंद्राचं पहिलं वर्ष मी असंच घालवलं. परीक्षेत नवा उतारा आला तेव्हा आमची नियमित येणारी मुलंसुद्धा अडली.

आता आमचा नियम असा, की पुस्तक मुलाच्या हातातून घ्यायचं नाही आणि पेन्सिलही त्याच्याकडेच ठेवायची. त्याने मनात वाचायचं, पाच मिनिटं लागली तरी चालतील. ती शांतता सोसणं शिकवणाऱ्यालाच जड जातं. मग पुस्तक मिटून काय कळलं ते त्याने सांगायचं आणि जिथे सांगणं तुटेल तेवढीच ओळ पुन्हा उघडायची. पालिंक्सार आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी 1984 साली शाळकरी मुलांसाठी मांडलेली रेसिप्रोकल टीचिंगची पद्धत इथे फार कामाला येते. उताऱ्यावर प्रश्न काढायचा, सारांश सांगायचा, अडलेलं सोडवायचं आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. सुरुवातीला ही चारही कामं शिकवणारा करून दाखवतो, मग एकेक मुलांकडे सोपवतो.

सारांश मराठीत सांगू द्या. "इथे इंग्रजीतच बोला" अशी पाटी लावली की मुलाला किती बोलता येतं ते कळतं, पण किती समजलं ते कळत नाही.

शब्दांच्या याद्या

रोज वीस शब्द पाठ करून घेणं ही दुसरी मोठी चूक. बहुतेक मुलं पारिभाषिक शब्दावर अडत नाहीत, कारण 'ऑस्मॉसिस' किंवा 'इन्फ्लेशन' वर्गात समजावून दिलेलं असतं. ती अडतात 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट' यांसारख्या मधल्या शब्दांवर. हे शब्द प्रत्येक विषयात येतात आणि कोणत्याच विषयाचे सर ते शिकवत नाहीत. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अशा 570 शब्दकुळांची, म्हणजे एकाच मुळापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या इंग्रजी मजकुरात साधारण दहातला एक शब्द त्यातला असतो. पण तीही सरळ पाठ करायला देऊ नका. त्या आठवड्याच्या धड्यात आलेले आठ शब्द निवडा, प्रत्येकासोबत पुस्तकातलं मूळ वाक्य लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, तिसऱ्या आठवड्यात वही मिटून विचारा. वही उघडून पुन्हा वाचलं की आठवल्यासारखं वाटतं, तेवढंच.

मोबाइलवर मिळालेला पहिला अर्थ घेऊन पुढे जाणं हे याचंच भावंड. अर्थशास्त्रात 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज. 'आवड' हा अर्थ धरून मुलगी अख्खं पान वाचते आणि आपल्यालाच अक्कल नाही असं समजून रडकुंडीला येते. मराठी माध्यमाच्या मुलांकडे खरं तर मोठी शिदोरी असते. बालभारतीच्या नववी-दहावीच्या मराठी विज्ञान पुस्तकांत बऱ्याच संज्ञांशेजारी इंग्रजी शब्द छापलेला असतो. ती पुस्तकं केंद्राच्या टेबलावर ठेवा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, तेही मुलांना उघडून दाखवा.

मूल वाचतं पण काही कळत नाही, तेव्हा

आधी एका पानावरचे अनोळखी शब्द मोजा. कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक मानतात. म्हणजे 300 शब्दांच्या पानावर सहा अनोळखी शब्द ठीक. तीस निघाले तर मुलाच्या आळसाला दोष देऊ नका, त्या पुस्तकाची पायरीच उंच आहे. तोच विषय आधी शाळेच्या मराठी पुस्तकातून वाचून घ्या.

शब्द ओळखीचे असूनही कळत नसेल, तर मराठी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख वाचायला द्या आणि लेखकाचं म्हणणं काय, ते विचारा. तिथेही मुलगा नुसती वाक्यं उचलून सांगत असेल, तर अडचण इंग्रजीची नाहीच. त्याला कोणत्याच भाषेत युक्तिवाद वाचायची सवय लागलेली नाही. अशा मुलाला इंग्रजी शब्द देत राहणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. महिनाभर मराठीच वाचून घ्या. आणि डोळे तपासलेत का, तेही विचारा. फळ्यावरचं न दिसणारी मुलं पहिल्या वर्षापर्यंत बिनचष्म्याची येतात.

मुलं येतच नाहीत

दारावरची पाटी बघा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कागदांतला 'स्लो लर्नर' हा शब्द कागदातच राहू द्या. तो दारावर लागला की गरजू मूल जिन्यावरूनच परत फिरतं. आम्ही नुसतं 'वाचन कट्टा' लिहिलं आणि पहिल्या नंबरात येणाऱ्या मुलींनाही बोलावलं.

शिकवायला तिसऱ्या वर्षाची मुलं घेत असाल, तर फक्त टॉपर निवडू नका. ज्याला स्वतःला कधी अडलंच नाही, त्याला दुसऱ्याचं अडणं दिसत नाही. एटीकेटी सोडवून वर आलेली एक मुलगी आमच्याकडची सगळ्यात चांगली शिकवणारी ठरली. त्यांना मोबदला द्या, कमवा व शिका योजनेत बसत असेल तर त्यातून द्या.

आणि एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून केंद्राची वेळ ठरवा. आम्ही साडेतीनला उघडत होतो आणि वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींची गाडी पावणेचारला होती. वेळ सकाळी साडेदहाची केली, त्याच आठवड्यात बाक कमी पडले.