कापणीच्या सणाची तयारी, कोयते निघायच्या आधी

यंदा कापणीच्या सणाचं काम तरुण संघाने अंगावर घेतलंय. अकरा वर्षं हे काम आपल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे होतं. सामानाची वही तुमच्या हाती दिलीच आहे, पण वहीत आकडे आहेत, त्यामागची कारणं नाहीत. ती सलग लिहून ठेवते. आमची मंडळी शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातली, चाळीस घरांची. अशा लहान मंडळीत सण करणाऱ्या दुसऱ्या कुणाला यातलं काही उपयोगी पडलं तर तेही घ्या.

सगळ्यात आधी तारीख. पूर्वी आपला सण फेब्रुवारीत व्हायचा. ज्वारी-हरभरा हाताशी आलेला, हवा चांगली, पावसाची भीती नाही. पण त्या दिवसांत आपल्या दहा-बारा घरांना कुलूप असायचं. ती माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला, साखर कारखान्याच्या तळावर, उसाच्या फडात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाचा, म्हणजे तोडणीला माणसं नेणाऱ्याचा, ट्रॅक्टर येतो आणि घरं रिकामी होतात ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. ज्यांच्या हातांनी कापणी होते तेच कापणीच्या सणाला नाहीत, हे एका आजींनी कमिटीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं आणि सण ऑक्टोबरात आला. म्हणून तारीख ठरवण्याआधी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या घरांत जाऊन विचारा, ट्रॅक्टर कधी येणार. मुकादम नक्की दिवस सांगत नाही, पण आठवडा सांगतो. त्याच्या आधीचा रविवार धरा. मग पाळकसाहेबांना फोन करा. त्यांच्याकडे चार गावं आहेत, मोटरसायकलवर फिरतात, आणि या दिवसांत सगळीकडूनच बोलावणं असतं. सहा आठवडे आधी सांगितलं नाही तर ते दुपारी दोनला पोचतील आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी, घाईत होईल. शाळेची सहामाही परीक्षा, तालुक्याचा आठवडे बाजार, गावातली जत्रा हे पाहून घ्याच. पण कोयत्यांचा रविवार आणि बाकीची सोय यांत निवड करावी लागली तर कोयत्यांचा रविवार धरा.

ऑक्टोबर घेतला की परतीचा पाऊस आला. मांडववाल्याला कापडी मांडव सांगू नका, ताडपत्रीचा सांगा आणि उतार शाळेच्या बाजूला काढायला लावा. नाहीतर पाणी चुलीत येतं. पातेली, पराती, ओगराळी, झारे, सतरंज्या हे सगळं भाड्याने एकाच ठिकाणी मिळतं. आणताना मोजून वहीत लिहा आणि परत देतानाही मोजा. माईकसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो, तो आठ दिवस आधी द्या. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद ठेवायचा हा कायदाच आहे. आदल्या रात्री भजनाला रंग चढतो, तेव्हा घड्याळाकडे बघायला एक माणूस नेमा.

आता उपासना. बायबलमधली वाचनं पाळकसाहेब ठरवतील, पण बहुतेक अनुवाद २६ असतं, पहिल्या पिकाची टोपली देवापुढे आणून ठेवायची ते. स्तोत्र ६५ असतं, आणि रूथ असते, सासूसाठी परक्या शेतात सरवा वेचणाऱ्या विधवेची गोष्ट. माझी एक विनंती त्यांच्याकडे पोचवा. लेवीय २३:२२ वगळू नका. शेताचा कोपरान्‌ कोपरा कापू नकोस, सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे, असं तिथे सांगितलंय. सरवा म्हणजे काय हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. बाजरीच्या काढणीनंतर रानात पडलेली कणसं त्यांनी स्वतः वेचली आहेत. पुढे मी जे जे लिहिलंय त्याच्या मुळाशी हाच शब्द आहे.

वाचणारे तीन निवडा: एक शब्बाथ शाळेतलं (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गातलं) मूल, एक तरुण आणि एक असं माणूस ज्याला कधी पुढे बोलावलेलं नाही. त्यांच्या हाती उतारा बुधवारीच मोठ्या अक्षरात लिहून द्या. नामी, बवाज ही नावं दोनदा म्हणवून घ्या. अडखळत वाचणाऱ्या एका ताईंना आम्ही चार वर्षांपूर्वी रूथचा दुसरा अध्याय दिला. त्या स्वतः विधवा, सासूला सांभाळणाऱ्या. त्यांना वाचायला वेळ लागला, पण त्या दिवशी चर्चमध्ये लहान मुलंसुद्धा गप्प होती.

गाणी आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली, आणि त्यात भजनं जास्त ठेवा. अमेरिकन मराठी मिशन १८३१मध्ये नगरला आलं तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या चाली आल्या. पण आपल्या माणसांच्या तोंडी बसली ती अभंग-भजनं आणि कीर्तनं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९मध्ये गेले, तरी आजही हार्मोनियम सुरू झाली की पाठ नसलेला माणूसही त्यांच्या भजनाच्या दुसऱ्या ओळीपासून म्हणू लागतो. सराव बुधवारी आणि शनिवारी ठेवा. तबला आणि झांजा आहेत, ढोलकीची शाई गेलीय, ती आत्ताच दुरुस्तीला टाका. कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलाला नक्की घ्या, फक्त आवाज माणसांच्या आवाजाखाली राहू दे.

सजावटीला बाजारातून काही आणायचं नाही. त्या दिवसांत बाजरीची कणसं असतात, कपाशीची पहिली बोंडं फुटलेली असतात, तूर अजून हिरवी असते, ऊस तर उभाच असतो. दाराच्या दोन्ही अंगांना ऊस बांधा, वेदीपुढे बाजरीच्या पेंढ्या आणि खिडक्यांत भोपळे ठेवा. क्रूस झाकला जाणार नाही हे लांबून, शेवटच्या बाकावर बसून बघा. सीताफळं पिकलेली आणू नका, मुंग्या लागतात. शनिवारी श्रमदान आहेच: झाडलोट, पत्रे बघणं, घंटेची दोरी बदलणं, दफनभूमीच्या वाटेवरचं गवत काढणं, संडासात पाणी आणि साबण ठेवणं. हे तुम्ही दरवर्षी चांगलं करता.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यात मी स्वतः बरीच वर्षं चुकले. आपलं प्रीतिभोजन दोनशे माणसांचं धरा, दीडशे मंडळीचे आणि पन्नास पाहुणे. बेत भाकरी, वांग्या-बटाट्याचा रस्सा, भात, आमटी आणि बुंदी. मटणाचा आग्रह दरवर्षी होतो. तेव्हा नम्रपणे सांगा की गावातली सगळ्या घरांतली माणसं पंगतीला बसावीत म्हणून हा बेत आहे. सरपंच, शाळेचे गुरुजी, आशाताई, शेजारची वस्ती, सगळ्यांना घरी जाऊन बोलवा, नुसत्या मेसेजवर सोडू नका. भाकरी विकत घ्यायच्या नाहीत. घरटी सात भाकरी सांगायच्या, म्हणजे सरासरी दोनशे ऐंशी होतात आणि पुरतात. ज्या घरी पीठ नसेल त्या घरी महिला मंडळाने शुक्रवारीच, कुणाला न सांगता, दोन किलो बाजरीचं पीठ पोचवायचं. त्यांच्याही सात भाकरी आल्या पाहिजेत, आणि त्या इतरांच्या भाकरींत मिसळल्या पाहिजेत. तांदूळ सोळा किलो, तूरडाळ सहा, वांगी बारा आणि बटाटे बारा किलो. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे बारा जार, आणि दोन जास्तीचे.

चूक कुठे झाली ते सांगते. किती तरी वर्षं महिला मंडळाच्या आठ-दहा जणी चर्चच्या मागे चुलीपाशी असायच्या. आत उपदेश चालू, बाहेर यांचं वाटण चालू. सणाच्या दिवशी प्रभुभोजनाला त्या हात पुसत, घाईने, सगळ्यांच्या शेवटी यायच्या. मला हे दिसत होतं, पण कधी खटकलं नाही, कारण मीही त्यांच्यातलीच होते. एका वर्षी पाळकसाहेबांनी आशीर्वाद द्यायच्या आधी मागे येऊन विचारलं, तुम्ही आज काय ऐकलंत? आम्हाला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून नियम केला. रस्सा आणि आमटी साडेआठला तयार, नऊला सगळ्या बायका आत. भाताला तरुण संघाचे चार मुलगे, तेही अर्ध्या वेळाने पाळी बदलून. मुलांनो, भात शिकायला शनिवारी या. दोन पातेली जाळलीत तरी चालेल, पण रविवारी नऊनंतर चुलीपाशी एकही बाई दिसता कामा नये.

अर्पणाच्या वेळी शब्बाथ शाळेची मुलं टोपल्या घेऊन रांगेने पुढे येतात. प्रत्येक मुलाच्या हातात काहीतरी हवं. रिकाम्या हाताने आलेल्या मुलासाठी दाराशी लिंबांची आणि अंड्यांची एक टोपली आधीच भरून ठेवा. कोंबड्या आत नकोत, बाहेर डालग्याखाली झाकून ठेवा. शेळी कुणी दिली तर कडुलिंबाखाली बांधा आणि तिच्यापुढे पाणी ठेवा.

मग लिलाव. याची खरी तयारी मनाची आहे. लिलाव करणारा माणूस मोठ्या आवाजाचा हवाच, पण त्याहून जास्त, त्याला घरं माहीत असली पाहिजेत. एक नारळ कुणी शंभराला घेतो आणि परत देवाला देतो, तो पुन्हा पुकारला जातो, असा फिरत फिरत दोन हजारांवर जातो. यात आनंद आहे आणि तो राहू द्या. पण एका वर्षी असा नारळ गेल्यावर लगेच मेथीची एक जुडी पुकारली गेली. दहा रुपयांच्या पुढे कुणी बोललं नाही, कुणीतरी हसलं, आणि ती जुडी ज्या आजींनी चार मैल चालत आणली होती त्या पुढच्याच बाकावर होत्या. त्या उठून गेल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी काही आणलं नाही. गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे अगदी लहान नाण्यांवर, उपदेश ऐकून तासभरही झाला नव्हता. ती चूक माझीच. पुकारायची क्रमवार यादी मीच करून दिली होती.

म्हणून आता असं करायचं. भाजी, कांदे, लिंबं, अंडी पुकारायचीच नाहीत. त्यांचे वाटे करायचे, सगळे सारखे, वीस रुपयांचा एक, आणि बाहेरच्या कट्ट्यावर मांडायचे. कुणाची मेथी कुणाच्या वांग्यांत गेली हे कळू नये. लिलावात फक्त दहा-बारा वस्तू ठेवायच्या: नारळ, मोठा भोपळा, केळीचा घड, कोंबडा, बाजरीचं पोतं. देणाऱ्याचं नाव पुकारायचं नाही. उत्साहाच्या भरात कुणी झेपणार नाही एवढी बोली लावली, तर पुकारणाऱ्याने ती कानाआड करून पुढच्याची बोली घ्यायची. घरं माहीत असली पाहिजेत असं म्हटलं ते यासाठी. उधारी राहिली तर ती वहीत राहील. पुढच्या रविवारी नावं वाचून दाखवायची जुनी पद्धत आम्ही बंद केली आहे, ती पुन्हा सुरू करू नका. खजिनदाराने एकदा घरी जाऊन विचारावं, बस.

पैशाबद्दल चार गोष्टी. पावती पुस्तक नवं घ्या. मोजायला तिघं बसा, त्यांत एक तरुण संघातला असू द्या, आणि आकड्याखाली तिघांच्या सह्या घ्या. मोबाइलवरून पैसे घेण्यासाठी जो चौकोनी कोड लावाल तो चर्चच्या खात्याचाच, कुणाच्याही स्वतःच्या खात्याचा नाही, अगदी माझ्याही नाही. आपला न्यास नोंदलेला आहे, दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आणि तिथे ‘विश्वासाने घेतले’ असा रकाना नसतो. रक्कम कशाला वापरणार ते लिलावाआधी सांगा. यंदा पत्र्यांचं काम आहे. पण शंभरातले वीस गरजू निधीला, हे आधी बाजूला काढायचे, पत्र्याला कमी पडले तरी.

सरवा आता सांगते. पंगत वाढायला सुरुवात करण्यापूर्वी, पाहुण्यांच्याही आधी, पंधरा डबे भरायचे. नऊ घरी अंथरुणावरची माणसं आहेत, यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे, बदल झाला असेल तर ती पाळकसाहेबांना विचारून नवी करा. उरलेले सहा डबे गावातल्या, मंडळीबाहेरच्या घरांसाठी, आशाताईंना विचारून. डबे नेणाऱ्याने दारातून देऊन परतायचं नाही. पाच मिनिटं बसायचं, आज काय वाचलं ते सांगायचं, प्रार्थना हवी का असं विचारायचं. पाळकसाहेब दुपारी प्रभुभोजन घेऊन त्यांतल्या चार घरी जातात, त्यांच्याबरोबर मोटरसायकलवर कोण बसणार ते आदल्या दिवशीच ठरवा.

लिलावातलं बाजरीचं एक पोतं पुकारायचं नाही. ते कमिटीने आधीच बाजूला काढलेलं असतं. ऊसतोडीला निघणाऱ्या घरांसाठी त्याच्या दहा-दहा किलोच्या पिशव्या करा, वर तुरीच्या डाळीची एक पुडी, मुलांच्या वह्या आणि थंडीतापाच्या गोळ्या. तळावर पहिले आठ दिवस काहीच मिळत नाही, खोपी उभी करण्यात जातात. ज्या मुलांची शाळा मागे राहते त्यांच्यासाठी कोणती आजी घरी थांबणार आणि शब्बाथ शाळेला त्यांना कोण आणणार, हे त्याच रविवारी संध्याकाळी, भांडी घासून झाल्यावर ठरवा.

चर्चची किल्ली रविवारी रात्री माझ्याकडे परत देऊ नका, तुमच्यातल्या एकाकडे ठेवा. ट्रॅक्टर पहाटे चार-साडेचारला चर्चसमोरच थांबतो. पिशव्या दाराशी काढून ठेवलेल्या असू द्या, आतला दिवा लावलेला असू द्या. निघायच्या आधी काही जण दोन मिनिटं आत येतात. बायका कोयते ट्रॉलीतच ठेवतात आणि झोपलेली मुलं कडेवर घेऊन येतात. तेव्हा सतरंजी उचललेली नसावी.